अर्धा कोयता

यंदा पळस लवकर फुलला, असं सगळे म्हणतात. मीही पाहिला. आमच्या संस्थेच्या फाटकापासून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत दोन्ही बाजूंना तो लालभडक झालेला आहे, आणि रोज मोटारसायकलवरून जाताना मी त्याच्याकडे एखाद्या दुकानाच्या पाटीकडे पाहावं तसं पाहतो. नोकरीत नवा होतो तेव्हा पळस दिसला की गाडी थांबवायचो. आता तो दिसला की एकच गोष्ट आठवते. हजेरीची यादी बंद करायचे दिवस आले.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा प्राचार्य आहे. जोडारी, संधाता, वीजतंत्री असे पाच-सहा व्यवसाय आमच्याकडे शिकवतात. मुलंमुली वरच्या पाड्यांवरून येतात. दिवाळी झाली की त्यांतली काही दिसेनाशी होतात आणि होळीच्या सुमाराला परत येतात. मधले महिने ती गुजरातेत, उसाच्या फडात असतात. फाल्गुनात केव्हातरी वरून एक तारीख येते. तिच्या आत फार दिवस गैरहजर असलेल्यांची नावं पटावरून कमी करायची, नाहीतर प्राचार्यानं स्वतःच्या सहीनं शिफारस पाठवायची, की याचं नाव राहू द्यावं. नाव गेलं की परीक्षा गेली. यंदाच्या यादीत एकच नाव आहे. रमिला, वीजतंत्री, दुसरं वर्ष. तारीख गुरुवारची आहे.

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात अशाच यादीत असंच एक नाव होतं. ते मी काढलं. त्याबद्दल मी कुणापाशी बोललेलो नाही. घरीसुद्धा नाही.

तिचं नाव जमनी पावरा. वय एकवीस, व्यवसाय वीजतंत्री. वरच्या बोलीत मोठ्या माणसाला वेगळं अहोजाहो नसतं, त्यामुळे ती मला सरळ 'सर, तू' म्हणायची. नवे निदेशक दचकायचे. मी खाली तापीकाठच्या शेतकरी घरातला, आमच्याकडे धाकट्या भावाची बायकोसुद्धा दारात आली की पदर सावरते. पण मला तिचं ते तू कधी खटकलं नाही. त्यात उद्धटपणा नव्हता. ती झाडाशी, शेळीशी, शिक्षकाशी एकाच सुरात बोलायची.

पहिल्या वर्षातली एक सकाळ आठवते. वीजतंत्रीचे निदेशक वळवी सर वर्गाला विचारत होते, की बोर्ड उघडण्याआधी काय करायचं. पोरं पाठ केलेलं उत्तर एका दमात म्हणून दाखवत होती. जमनी उठली, कार्यशाळेच्या कोपऱ्यात गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. सगळे दिवे, पंखे बंद. पलीकडच्या शेडमधून संधात्यांची पोरं ओरडली, "ए जमने! आमचं वेल्डिंग चालू होतं ना!"

"जिवंत आहेस ना तू? मग झालं," ती इकडून म्हणाली.

वळवी सर हसत माझ्या खोलीत आले होते. "सर, बाकीच्यांना उत्तर येतं. हिला काम येतं."

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती गेली. जाताना माझ्या टेबलावर वहीच्या पानावरचा एक अर्ज ठेवून गेली. मी तेव्हा बाहेर होतो. अर्जात लिहिलं होतं, की भावाची बायको बाळंतपणाला बसली आहे, भावाचा अर्धा कोयता रिकामा पडला आहे, मुकादमाला शब्द दिलेला आहे. म्हणून मी जाते. होळीला येते. माझं नाव ठेव.

ऊसतोडीत माणसं कोयत्यानं मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढून मोळी बांधायची. बहुतेक नवराबायको असतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम ट्रकमध्ये चढवत नाही. त्यामुळे बायको अडली की बहीण जाते, बहीण नसली तर आई. हे मला लहानपणापासून माहीत आहे. कळसाडीला, आमच्या गावी, आमचा स्वतःचा ऊस आहे. धाकटा भाऊ बघतो. परवाच त्याचा फोन आला, "भाऊ, तोड लागनी आपला वावरमा."

मी सहज विचारलं, "कोणत्या गावचे लोक आहेत रे?"

"डोंगरना शेतस. गाव मुकादमले माहीत," तो म्हणाला, म्हणजे डोंगरातले आहेत एवढंच, आणि मग बराच वेळ एकरी उताऱ्याबद्दल बोलला.

लहानपणी आमच्या बांधालगत त्यांची पालं पडायची. सकाळी धूर दिसायचा. माझ्याच वयाची पोरं उसाच्या कांड्या चोखत उभी असायची. ती कुठल्या शाळेतून उठून आली असतील, असा प्रश्न मला पडला नाही. मी दप्तर घेऊन त्यांच्या समोरून शाळेत जात होतो, तरी पडला नाही.

त्या वर्षी माघाच्या शेवटी मला नाशिकला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. व्यवसाय शिक्षणातल्या प्रशासकांसाठी सक्षमतेवर आधारलेलं प्रशिक्षण. आम्ही तीसेक जण होतो, प्राचार्य, गटनिदेशक, काही कार्यालय अधीक्षक. गारेगार खोली, गोल टेबलं, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद. सकाळी झोप उडावी म्हणून आमच्याकडून टाळ्यांचे खेळ घ्यायचे. अर्धे केस पांढरे झालेली माणसं एकमेकांच्या तळव्यावर टाळ्या देत हसायची. मीही हसत होतो.

शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. खरंच चांगल्या. त्या म्हणायच्या, की इथं गुण नाहीत, पास-नापास नाही. माणूस एखादं काम करू शकतो किंवा अजून करू शकत नाही, एवढंच आपण पाहायचं. तो किती दिवस बाकावर बसला हे विचारू नका, त्याला काय करता येतं ते विचारा. आणि हे आधी स्वतःला लावून बघा. प्राचार्याला काय करता यायला हवं? आम्ही मोठ्या कागदावर यादी केली. नोंदी ठेवणं. यंत्रसामग्री सांभाळणं. शिकणाऱ्याच्या बाजूनं निर्णय घेणं. हे शेवटचं वाक्य मी सुचवलं होतं. माझ्याच अक्षरात ते दोन दिवस भिंतीवर लागलेलं होतं.

आठव्या दिवशी सराव होता. प्रत्येकानं आपल्या संस्थेतला एक खरा प्रसंग मांडायचा आणि सगळ्यांसमोर त्यावर निर्णय द्यायचा. माझ्या बॅगेत जमनीचा अर्ज होता. तो तिथं का होता हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित निर्णय घ्यायचा म्हणून ठेवला असेल, कदाचित टेबलावर नको म्हणून. मी उभा राहिलो आणि तो वाचून दाखवला. तिचं नाव घेतलं नाही, क्ष म्हटलं. अर्धा कोयता म्हणजे काय ते सांगितलं.  मग मी निर्णय सांगितला. तिचं नाव पटावर ठेवायचं, ती आली की तिची चाचणी घ्यायची, काम येत असेल तर शिफारस करून परीक्षेला बसवायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक सोलापूरकडचे प्राचार्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बास! असा माणूस पाहिजे."

मग चहा झाला. मी कप घेऊन गॅलरीत गेलो आणि फोन वाजला. आमचे लिपिक सुकलाल आप्पा.

"सर, आज शेवटना दिन शे. संध्याकाळले पोर्टल बंद व्हई जाई. ती जमनीनं काय करानं?"

"नियम काय म्हणतो?"

"नियम तुम्हले माहीत शे. तुम्ही शिफारस धाडशात ते नाव ऱ्हाई."

मी खाली पाहत होतो. अंगणात कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"कमी करा, आप्पा."

"चांगली पोर शे सर. एकदाव इचार करा."

"कमी करा म्हटलं ना."

"बरं," आप्पा म्हणाले. "मन्हं काय, मी बटन दाबनारा."

चहा अजून गरम होता. तो संपवला आणि आत जाऊन बसलो. पुढचं सत्र नोंदवह्यांवर होतं.

का केलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. कारणं आहेत. आदल्या वर्षी मी एका मुलाची शिफारस केली होती, तपासणीत ती निघाली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. मी तेव्हा प्रभारी होतो, कायम करायची फाइल वर फिरत होती. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या क्षणी यांतलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. भीतीसुद्धा नव्हती. आत टाळ्या मिळाल्या होत्या, एक चांगलं काम झाल्यासारखं वाटत होतं आणि तेच काम पुन्हा बाहेर येऊन करायची गरज मला वाटली नाही. याहून खरं मला सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी आम्हा सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या नावापुढे सक्षम असं लिहिलेलं होतं.

होळीच्या चार दिवस आधी जमनी आली. ऊसतोडीवरून आलेल्या माणसाच्या हातांवर पात्यांचे बारीक चरे असतात, कोपरापर्यंत. तिच्याही होते. ती आधी कार्यशाळेत गेली आणि वळवी सरांना घेऊनच माझ्या खोलीत आली. सरांच्या हातात तिची वही होती आणि चेहरा फुललेला होता.

"सर, हिनं तिकडं मोटार भरली! अख्खी!"

तिच्या पडावाजवळच्या विहिरीवरची तीन फेजची मोटार जळाली होती. गावातला मिस्त्री येत नव्हता, शेतकरी घायकुतीला आला होता. जमनीनं ती उघडली. जळकी गुंडाळी हळूहळू सोडवून वेढे मोजले, वहीत प्रत्येक खाचेचं चित्र काढलं, लाकडाच्या ढलपीचा साचा केला. दिवसभर ऊस बांधायचा आणि दुपारच्या सुट्टीत तार गुंडाळायची. वार्निश उन्हात वाळवलं. मोटार चालली. मग शेजारच्या शिवारातून दुसरी आली. पानापानावर चित्रं होती, कडांना उसाचा चिकट डाग.

"सर, मला यातलं एक समजलं नव्हतं, ते वळवी सरांनी आता सांगितलं," ती म्हणाली. "परीक्षेला हेच आलं तर बरं."

मी सांगितलं, की तिचं नाव पटावर नाही.

वळवी सर माझ्याकडे पाहत राहिले. जमनीला आधी कळलं नाही. मग तिनं विचारलं, "सर, मी अर्ज ठेवला होता. मिळाला नाही?"

"मिळाला."

"वाचला?"

"वाचला."

तिनं मान हलवली, एखाद्या दुकानात हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर हलवावी तशी. सरांच्या हातातून वही घेतली आणि गेली. भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो, नियम काढून दाखवला असता. तिनं ती सोय मला दिली नाही. पुढच्या दिवाळीला वळवी सरांकडून कळलं, की तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर फडात गेली. आता ती कुणाच्या जागी नव्हती, तिचा स्वतःचा कोयता होता.

मी त्यानंतर कायम झालो.

पुढच्या वर्षी त्या प्रशिक्षणाची पुस्तिका छापून आली. त्यात आमच्यातल्या काहींचे प्रसंग उदाहरण म्हणून घेतले होते. तिसरं उदाहरण माझं. दुर्गम भागातील एका संस्थेतील प्रशिक्षणार्थी क्ष हिच्या बाबतीत प्राचार्यांनी उपस्थितीऐवजी कौशल्य पाहून तिला परीक्षेस बसू दिले. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. सरावात घेतलेला निर्णय छापताना घडलेली गोष्ट होऊन गेला. मी एक फोन केला असता तर दुरुस्त झालं असतं. केला नाही. उलट मलाच शिकवायला बोलावू लागले. आता वर्षातून दोन-तीनदा मी त्या गोल टेबलांच्या खोलीत उभा राहतो, पुस्तिकेचं ते पान उघडायला सांगतो आणि जमनीची गोष्ट सांगतो. चांगली सांगतो. पहिल्या वेळी निर्णयापाशी अडखळलो होतो. नंतर तेही झालं नाही. जीभ आपोआप चालते, डोळे घड्याळाकडे असतात.

गेल्या महिन्यात असंच एक सत्र होतं. पहिल्या रांगेत विदर्भातल्या नव्यानं नेमलेल्या एक प्राचार्या होत्या. वहीत बरंच लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी हात वर केला.

"सर, ती आता काय करते?"

इतक्या सत्रांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मोटारी भरते," मी म्हणालो.

सगळ्यांना बरं वाटलं. त्या बाईंनी ते लिहून घेतलं. आणि ते खरंही होतं. वळवी सर सांगत असतात, की पाड्यांवरच्या मोटारी तिच्याकडे येतात, फक्त तिच्याकडे कागद नाही म्हणून मिस्त्री मागेल त्याच्या निम्म्यात. त्या दुपारी जेवताना मला वरणाची चव लागली नाही. दुसरं काही झालं नाही.

पण परत आल्यावर मी पुनर्प्रवेशाचा छापील अर्ज काढला, तिचं नाव, गाव, व्यवसाय स्वतःच्या हातानं भरला आणि मागच्या रविवारी वर गेलो. रस्ता पाड्याच्या अलीकडेच संपतो. गाडी एका मोहाखाली लावली. फुलं नुकती गळायला लागली होती, दोन बायका खालची जागा झाडून घेत होत्या. खालून येणारा जमनीकडेच येतो असं धरून त्यांनी मी न विचारताच हात करून तिचं घर दाखवलं.

यंदा ती फडात गेली नव्हती. मूल आठ महिन्यांचं, आणि नवऱ्याला खाली ट्रॅक्टरवर काम मिळालेलं. ती ओसरीत बसली होती. समोर उघडी मोटार, बाजूला तारेचं रीळ, मागे झोळी. मला पाहून ती हसली. मला याची तयारी नव्हती.

"सर, तू? बस ना."

मी बसलो. पाणी प्यालो. मग अर्ज पुढे केला आणि सांगितलं, की पुन्हा प्रवेश मिळू शकतो, पहिल्या वर्षापासून करावं लागेल, पण मी सगळं बघतो, फक्त सही हवी. तिनं हात पुसले आणि अर्ज वाचला. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवत. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. तिथं छापलेलं होतं, की मी वैयक्तिक कारणास्तव प्रशिक्षण स्वेच्छेने सोडले होते.

"हे कुणी लिहिलं?"

"ते छापील असतं. सगळ्यांच्या अर्जात असतं."

"मी सोडलं नव्हतं."

"नुसती सही करायची, जमनी. ते कुणी वाचत नाही."

"मी वाचलं ना," ती म्हणाली. "तू काढलं. तसं छापून आण, मग करते सही."

आवाज चढलेला नव्हता. तिनं अर्ज माझ्या मांडीवर ठेवला आणि झोळीला एक झोका दिला. मी माफी मागितली. शब्द नीट आले, तयार करूनच गेलो होतो. तिनं ते ऐकून घेतले आणि ती उठली. दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ आणून ठेवली. मी जेवलो.

जेवण होत आलं तेव्हा तिनं विचारलं, "रमिलाचं नाव काढलं का?"

रमिला तिच्याच पाड्यातली. मला ते माहीत नव्हतं.

"अजून नाही."

"कधी काढणार?"

एस.टी. किती वाजता येते असं विचारावं, तसं तिनं विचारलं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"गुरुवारी तारीख आहे," मी म्हणालो. आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "तिला काय येतं, काय नाही, मला माहीत नाही गं. शिफारस करायची तर कशाच्या जोरावर करू?"

"मग जाऊन बघ ना. वळवी सरांना घे, एक बोर्ड घे, तार घे. तिच्यासमोर ठेव. इथून तीन तासांत पोचशील. माणूस तिथंच आहे, पळून गेलं नाही."

मी ओसरीतून खाली पाहिलं. घाटाखाली आमची संस्था, तिच्यापलीकडे राज्याची हद्द, हद्दीपलीकडे फड. इतक्या वर्षांत आमच्या कुणा प्राचार्यानं ती हद्द कामासाठी ओलांडल्याचं मला आठवत नाही. त्याला नियमात जागा आहे का, तेही मला माहीत नाही. गेलो तर नोटीस येईल, कदाचित चौकशी. मला धीर आला असं मी म्हणणार नाही. आत काही हललंसुद्धा नाही. मी फक्त खिशातून पेन काढलं, दुसरा कागद नव्हता म्हणून तोच अर्ज पालथा केला आणि म्हणालो, "कुठं आहे पडाव? सांग."

ती मोटारीकडे पुन्हा वळली होती. खाचेत कागद सरकवत, माझ्याकडे न पाहता सांगू लागली. मी लिहीत गेलो. हद्द ओलांडली की मोठ्या रस्त्यानं कारखान्याच्या फाट्यापर्यंत. तिथं विचारू नको, ट्रॅक्टरवाले उलटी वाट सांगतात. कालवा लागेल, त्याच्या डाव्या काठानं. दोन पूल सोडायचे. तिसऱ्या पुलापाशी निळी ताडपत्री दिसेल, ती आपली नाही, ती बीडवाल्यांची. तिच्या मागं.

"आणि पहाटे पोच," ती म्हणाली. "उजाडलं की सगळे उसात शिरतात, मग हाक ऐकू येत नाही."